बावीस नंबरची टोपी

अमळनेर,
गुढीपाडव्याचा दुसरा दिवस

सोनगीर मुक्कामी निंबाभाऊ यांना तोतारामचा रामराम.

पाकिटावरचं अक्षर माझं दिसलं तर तुम्ही पत्र न फोडताच कणगीमागे टाकाल अशी भीती होती, म्हणून पत्ता रत्नाच्या हातून लिहून घेतला आहे. (फसवणूक तेवढीच. आत सगळं खरं आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? कुंदावहिनींचा दमा यंदाच्या थंडीत वर आला होता का? ती कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस अजून दावणीला आहे का? आठ वर्षांपूर्वी जे विचारलं असतं तेच विचारतो आहे. मधल्या काळात तुमच्या घरात कोणाचं काय दुखायला लागलं हे मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसण्याला कारण मीच आहे. तरी जे असेल ते बरं असो.

या पत्रात माझं कसलंही मागणं नाही. फक्त एक खुलासा करायचा आहे. शिवरात्रीच्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, धुळ्याच्या दवाखान्यात मी ज्या खोलीत पडलो होतो तिच्या दारात तुम्ही येऊन उभे राहिलात. हातात पिशवी होती. मी तुमच्याकडे नीट पाहिलं, एक डोळा मिटला आणि भिंतीकडे तोंड केलं. तुम्ही पिशवी वॉर्डातल्या आयाबाई बेबाबाईंच्या हातात दिली आणि आल्या पावली परत गेलात. माणूस आठ वर्षांचा राग गिळून वीस किलोमीटर येतो आणि समोरचा त्याला डोळा मिटून पाठ दाखवतो. तुम्हाला काय वाटलं असेल ते मला कळतं. तुमच्या जागी मी असतो तर पिशवीसुद्धा परत नेली असती. पण भाऊ, मी तुम्हाला ओळख दिली नाही असं नाही. मी तुम्हाला आजाराचं लक्षण समजलो. हे वाचून तुम्हाला आणखी राग येण्याच्या आत मी सगळं सुरुवातीपासून सांगतो. नोकरीत मला सवयच होती, बांधाचा तंटा कुठलाही असो, आधी जुना नकाशा उघडायचा.

आपला जुना नकाशा म्हणजे माझ्या पुनमचं, तुमच्या भाचीचं, लग्न. आपल्याकडे मामाच्या आहेराचा मान मोठा. मामा भर मांडवात बहिणीच्या ओटीत लुगडं घालतो, मेहुण्याच्या कपाळाला कुंकू लावतो, स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर टोपी ठेवतो, आणि चार गावचे पाहुणे तेवढ्यापुरतं बोलणं थांबवून तिकडे बघतात. शहाऐंशी साली माझ्या लग्नात तुम्ही सुतळीने माझ्या डोक्याचं माप घेऊन गेला होतात आणि बावीस नंबरची टोपी आणली होती. पुढे जेव्हा जेव्हा टोपीचा प्रसंग आला तेव्हा तुम्ही बावीसच आणलीत. सासूबाईंच्या उत्तरकार्यालाही बावीसच होती आणि ती बसलीही होती (थोडी आवळत होती, पण दुःखाच्या प्रसंगी टोपीची तक्रार कोण करतो). त्यानंतर सहा-सात वर्षांनी पुनमचं लग्न. तुम्ही टोपी घातलीत ती टाळूवरच अडकून राहिली. मी व्याह्यांना नमस्कार करायला वाकलो तशी ती घरंगळली आणि अक्षतांच्या ताटात जाऊन पडली. बायका हसल्या. पुरुष खाली बघून हसले. फोटोवाल्याने तेवढं बरोबर टिपलं. मी टोपी उचलून आत बघितलं तर नंबर बावीस.

आता माझी बाजू ऐका. भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक म्हणून तेव्हा मला तीस वर्षं होऊन गेली होती. बांध वीतभर सरकला तरी मी नुसत्या नजरेने सांगायचो. माझ्या डोक्याची नोंद बावीस, टोपीवर छाप बावीस, आणि टोपी तर बसत नाही. म्हणजे छाप खोटा, टोपी बाजारात ढिगाने मिळते ती, आणि तुम्ही ती मुद्दाम आणलेली, असा मी उभ्या उभ्या निकाल दिला. डोकं वाढलं असेल ही शंका मला आली नाही, कारण पंचावन्न वर्षांच्या माणसाचं डोकं वाढतं हे मी तोवर ऐकलं नव्हतं. मी ती टोपी तुमच्या हातात परत दिली आणि म्हणालो की ही तुमच्या नातवाला होईल. तुम्ही तिची घडी केलीत, खिशात ठेवलीत, "बरं पाव्हणा" एवढंच म्हणालात आणि निघालात. वरण-बट्टीची पंगत बसायची होती. मुलीचा मामा मांडवातून उपाशी गेला. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे, आणि लिहिताना मला लाज वाटते आहे.

रत्ना त्या वेळी माझ्या शेजारीच उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. तिने माझी बाजू घेतली असं मी समजलो आणि आठ वर्षं तसंच समजत राहिलो. माहेरी जाऊ नको असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. (तू जा, मी येणार नाही, असं मात्र दर वर्षी म्हणत होतो. त्याचा अर्थ काय होतो ते आता कळतं.) दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तिच्या वयाच्या बायकासुद्धा माहेरी निघायच्या, कोणाचा भाऊ न्यायला यायचा, कोणाचा भाचा. ही सकाळीच सांजोऱ्या तळायची, गल्लीतल्या पोरींचा झोका खिडकीतून बघायची आणि मग खिडकी लावून घ्यायची. मी विचारलं तर म्हणायची, ऊन येतं.

आता हर्निया. गेल्या दिवाळीत गच्चीवरची टाकी सरकवताना पोटात काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि डॉक्टरांनी हर्निया सांगितला. पुनम जळगावला असते, ती म्हणत होती की जळगावला या, घरचा डबा येईल. मी हट्टाने धुळ्याला गेलो. का, ते मी पुनमला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. धुळ्याहून सोनगीर जवळ आहे. आजारी माणसाला भेटायला कोणीही येऊ शकतं, त्यात कोणाची मान खाली जात नाही, असा माझा हिशेब होता. मुद्दाम चार दिवस आधी तुमच्या गावच्या कंडक्टरला एसटीत ऑपरेशनची तारीख दोनदा मोठ्याने सांगितली. म्हणजे तुम्हाला बोलावलं मीच, आणि तुम्ही आलात तेव्हा भिंतीकडे बघितलं तेही मीच.

ऑपरेशन उत्तम झालं. कमरेत सुई दिली, खालचं अंग बधिर झालं आणि पाऊण तासात मी बाहेर. त्या डॉक्टरांना मी बोल लावत नाही (लावला होता, ते पुढे येईल). दुसऱ्या दिवशी दुपारी चहाचा पहिला घोट घेतला आणि डोक्यात असं काही दुखायला लागलं की कप हातातून सुटला. तसं दुखणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. बेबाबाई म्हणाल्या, "पाठमा सुई दिधी का डोकं दुखसच, बाबा. उशी काढी टाका." असं होतं म्हणे बऱ्याच जणांना. उशी काढली, पाणी पाजलं, कॉफी पाजली. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मला उलट्या सुरू झाल्या. पोटावर ताजे टाके आणि वर उलट्या, भाऊ, ते काय असतं ते मी लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा डावी पापणी अर्धी खाली आली होती आणि मला सगळं दोन दोन दिसत होतं. दोन पंखे, दोन सलाइनच्या बाटल्या, दोन रत्ना. दोघीही रडवेल्या. मी आयुष्यभर दोन शेतांमधली हद्द एकच असते असं लोकांना ठणकावून सांगत आलो, आणि त्या दिवशी मला खिडकीच्या चौकटीच्या चारी हद्दी दोन दोन दिसत होत्या.

राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरने तपासून घाईघाईने वरिष्ठांना फोन लावला, आणि जाता जाता मला धीर द्यायला सांगितलं की काका, दोन दिसलं की एक डोळा बंद करा, मग खरं काय ते कळेल. हे मी सरकारी परिपत्रकासारखं डोक्यात ठेवलं. रत्ना रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी घेऊन खाली गेली आणि तेवढ्यात दारात तुम्ही आलात. दोघे. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी, दोघांच्याही. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद वाटला. आणि लगेच शंका आली. जो माणूस आठ वर्षांत एकदा आला नाही तो आज दोनदा कसा येईल? म्हणून मी सांगितल्याप्रमाणे एक डोळा मिटून खात्री करायला गेलो. आता चूक बघा. मिटायचा होता डावा, पापणी लोंबत होती तो. मी मिटला उजवा, धडधाकट. डावी पापणी उचलायला ताकद नव्हती, ती खाली पडली, आणि तुम्ही दोघेही नाहीसे झालात. मोजणी झाली, निकाल लागला. दोन निंबाभाऊ, पैकी खरे शून्य. मला इतकं वाईट वाटलं की मी भिंतीकडे तोंड केलं आणि रडलो. माझ्या पाठीकडे तुम्ही किती वेळ उभे होतात ते मला माहीत नाही. डॉक्टर परत आल्यावर मी त्यांना सांगितलं की आता मला न आलेली माणसंही दिसायला लागली आहेत, आणि त्यांनी ते केसपेपरवर लिहूनही घेतलं. तिथे तुमचं नाव लक्षण म्हणून नोंदलेलं आहे.

त्यानंतरच्या दोन-तीन तासांचं मला फारसं आठवत नाही. रक्तदाब खाली गेला होता. रक्तातलं सोडियमही पार उतरलं होतं. मला मोठ्या दवाखान्यात हलवून डोक्याचा एमआरआय काढला. शुद्ध नीट आली तेव्हा समोर एक डॉक्टर मॅडम होत्या आणि हाताला इंजेक्शन चालू होतं. त्यांनी फिल्म उजेडात धरून मला समजावलं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागच्या बाजूला, पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. एवढीशी, पण हाडं वाढवण्यापासून सगळ्या अंगाचा कारभार तिच्याकडे. माझ्या त्या ग्रंथीवर बारा-पंधरा वर्षांपासून एक गाठ वाढत होती, आणि हर्नियाच्या ऑपरेशननंतर तिच्यात अचानक रक्तस्राव झाला, ती फुगली आणि शेजारच्या डोळ्याच्या नसांवर दाबली गेली. मी फिल्म बघितली. माझ्या भाषेत ते सरळ अतिक्रमण होतं. दोन्ही डोळ्यांच्या नसांच्या हद्दीत घुसून बसलेलं, पंधरा वर्षं बिनहरकत, आणि मी नकाशे वाचणारा माणूस त्याच्या खालीच नाकाने श्वास घेत होतो.

मी म्हटलं, पोटाचं ऑपरेशन केलं आणि डोकं बिघडवलं, मी तक्रार करणार. (तीन पानी अर्जाचा मसुदा मनात तयार होता, संदर्भ क्रमांकासह.) मॅडम शांतपणे म्हणाल्या की ऑपरेशनने गाठ झाली नाही, गाठ आधीचीच. क्वचित कोणाच्या बाबतीत कुठल्याही ऑपरेशनचा ताण, रक्तदाबाचा चढउतार, एवढंही तिला पुरतं. ती कधीतरी फुटलीच असती, घरी फुटली असती तर तुम्ही आज बोलत नसता. मग त्या फिल्मकडे बघायचं सोडून माझ्या हातांकडे बघायला लागल्या. त्यांनी चपलेचा नंबर विचारला. मी म्हटलं, पूर्वी आठ होता, आता दहा लागतो, हल्ली कंपन्या माप चोरतात. अंगठी? म्हटलं, सराफाकडून कापून काढावी लागली, रत्ना भाजीत मीठ फार घालते त्याने बोटं सुजतात. (त्यामुळे मीठ बंद केलं होतं.) दातांत फटी? म्हटलं, वय. आवाज जड झाला? म्हटलं, साहेबांशी भांडून. घोरता? ते रत्नाने सांगितलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याजवळ उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तरात चूक दुसऱ्या कोणाची तरी होती. शेवटी त्यांनी विचारलं, टोपीचा नंबर? मी ठासून सांगितलं, बावीस, शहाऐंशी सालापासून बावीस.

तेव्हा रत्ना खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती मॅडमना म्हणाली, "बावीस कवयनंच नही ऱ्हायनं, मॅडम. मी दर साल यासनी टोपी उसवीसन मोठी करस."

भाऊ, रत्नाने पदराने तोंड पुसलं आणि सगळं सांगितलं. पुनमच्या लग्नाच्या दोन-तीन वर्षं आधीपासून माझ्या टोप्या मला आवळायला लागल्या होत्या आणि मी टोपी फेकून देऊन चिडत होतो. मग ही काय करायची, मी ऑफिसला गेलो की टोपीची मागची शिवण उसवायची, बारीक पांढरी पट्टी जोडायची आणि पुन्हा शिवून, धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावायची. दर वर्षी पट्टी आधीपेक्षा जराशी रुंद. नव्या टोपीचा आतला छापही घासून काढायची. स्वतःच्या टोपीची मागची बाजू कोण बघतो? सरकलेला बांध ओळखणारा माणूस बायकोने दहा-अकरा वर्षं शिवलेल्या पट्ट्या डोक्यावर घेऊन गावभर फिरत होता. म्हणून घरातली प्रत्येक टोपी मला बसायची. अख्ख्या जगात मला न बसणारी टोपी एकच होती, तुम्ही आणलेली. तीच खरी बावीस होती.

मी तिला विचारलं की मग मांडवात का बोलली नाहीस. ती म्हणाली, "मना भाऊनी टोपी बराबर व्हती. तुमनं डोकं वाढेल व्हतं. चार मानसेसमा मी कोनले खोटं पाडू, भाऊले का तुमले?"

मी हजारभर शेतकऱ्यांना सांगितलं असेल की बाबांनो, जुन्या कागदावर विसंबू नका, प्रत्यक्ष जागेवर येऊन मोजा. स्वतःच्या डोक्याभोवती टेप फिरवायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. ते मी केलं नाही, आणि तिने मात्र दोन माणसांमध्ये उभं राहून आठ आखाज्या खिडकी लावून काढल्या. मॅडमनी तिला विचारलं की एवढं दिसत होतं तर डॉक्टरांना का दाखवलं नाही. ती म्हणाली की तिला वाटलं, वयाने माणूस सुजतो. तिला आता हेच खातं आहे, की मी पट्ट्या जोडल्या नसत्या तर हे लवकर कळलं असतं. मी तिला सांगतो की चूक माझ्या चिडण्याची होती, तिने चिडणं वाचवलं. ती ऐकून घेते, पण तिला पटत नाही.

इंजेक्शनने दोन दिवसांत मी उठून बसलो. आठवड्यात पापणी वर आली, जग पुन्हा एकेक झालं. आता सकाळ-दुपार-संध्याकाळ गोळ्या आहेत, त्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, खिशात तसं कार्ड ठेवलं आहे. एक उणीव राहिली आहे. समोरचं स्वच्छ दिसतं, पण दोन्ही बाजूंचं दिसत नाही. चालताना शेजारून कोण गेलं ते कळत नाही. रत्ना म्हणते, हे नवीन काय आहे.

तुमच्या पिशवीबद्दल तिला बेबाबाईंनी सांगितलं, घरी निघताना आम्ही पहिल्या दवाखान्यात राहिलेलं सामान घ्यायला गेलो तेव्हा. धोतरवाले बाबा आले होते, पेशंट झोपलेला वाटला, पिशवी ठेवून गेले. आत ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी होत्या, वाळून कडक झालेल्या, आणि शेंगदाण्याची चटणी. रत्नाने चटणी बोटावर घेतली आणि तिथेच बाकावर बसली. तेव्हा मला कळलं की दारात तुम्ही होतात आणि एकच होतात. गाडीत मी दोन भाकरी चहात बुडवून खाल्ल्या. तिने तुम्हाला फोन लावायला हातात घेतला आणि ठेवून दिला. म्हणाली, टोपी तुम्ही परत केली, बोलणंही तुम्हीच सुरू करा. फोनवर मला भांडता येतं, दुसरं काही येत नाही, म्हणून हे पत्र.

पुढचं असं आहे की गाठ काढायची आहे. जळगावला, नाकातून दुर्बीण घालून. ऑपरेशन येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी. मॅडम म्हणतात बहुतेकांचं चांगलं होतं, बाजूचं दिसायला लागतं. बहुतेकांत मी असेन की नाही ते त्यांनी लिहून दिलेलं नाही. डोळे जाऊ शकतात, आणखीही काही होऊ शकतं, तशा कागदावर मी सही केली आहे. भाऊ, मला भीती वाटते. रत्नासमोर मी तसं दाखवत नाही, तिच्यासमोर नाकाच्या वाटेने मोजणीला जाणार म्हणून विनोद करतो. पण तुम्हाला लिहायला हरकत नाही, तुम्ही मला सुतळीने मोजलेलं आहे.

तेव्हा खुलासा एवढाच. त्या दिवशी दारात तुम्ही होतात आणि मी तुमचा अपमान केला नाही. आठ वर्षांपूर्वी मांडवात तुम्ही होतात आणि मी तुमचा अपमान केला. पहिली चूक डोळ्याची होती, दुसरी माझी. जावयाने मेहुण्यापुढे वाकायची आपल्याकडे पद्धत नाही, तरी मी वाकलो असतो. पण डॉक्टरांनी आतापासून ऑपरेशननंतर महिनाभरापर्यंत वाकायला बंदी केली आहे, नाक शिंकरायलाही बंदी आहे. म्हणून नमस्कार या कागदावर ठेवला आहे, तो उचलून घ्यावा. वहिनींना तोच. लहानांना आशीर्वाद.

तुमचा पाव्हणा,
तोताराम

ता.क. मागणं नाही असं वर लिहिलं आहे ते खरं आहे. फक्त मॅडमना गाठ साधारण कधीपासूनची आहे याचा अंदाज घ्यायला जुनी काही खूण हवी आहे. आमच्या लग्नातला फोटो तुमच्या ओट्यावर देवळीत होता, तो बघावा. आणि मांडवात घडी करून खिशात ठेवलीत ती टोपी अजून असेल, तर टाकू नका. माझ्या खऱ्या मापाचा तेवढा एकच पुरावा शिल्लक आहे.

ता.क. दुसरा. मॅडम म्हणतात, गाठ काढल्यावर हातापायांची सूज थोडी उतरेल, पण हाड वाढलं ते वाढलं. डोकं आता मागे येणार नाही. तेव्हा येताना टोपी आणणार असाल (आणाच असं म्हणत नाही) तर नंबर तेवीस. मी काल स्वतः टेप लावून मोजलं आहे.

ता.क. तिसरा. ऑपरेशननंतर वीस दिवसांनी आखाजी आहे. डॉक्टरांनी महिनाभर आराम सांगितला आहे, तो कुठे करायचा ते चिठ्ठीवर लिहिलेलं नाही. रत्ना एकटी निघणार नाही, आणि मी तिला जा म्हणून सांगायचा अधिकार आठ वर्षांपूर्वीच गमावला आहे. तिला न्यायला भावानेच यावं लागेल. मला बाजूचं दिसलं नाही तरी मी तिच्या मागे मागे नीट चालेन. झोक्याजवळ कुठेतरी खाट टाका. त्या सोमवारी जळगावच्या दवाखान्याच्या दारात उभे राहिलात तर या वेळी मी दोन्ही डोळे उघडे ठेवीन.

(खालचं अक्षर रत्नाचं)

भाऊ, यासनी मोजेल आकडा धरू नको. तेवीस नही, साडेतेवीस आन. दुपारले झोपेल व्हतात तवय मी सुतळी लाईसन मोजेल शे. आखाजीनी पिशवी भरी ठेयेल शे.